न उचललेल्या वस्तूचें शून्य

माझा पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. गेल्या हिवाळ्यांत त्यानें व त्याच्या चार सोबत्यांनीं विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेसाठीं कचरा निवडणारें स्वयंचलित यंत्र तयार करावयास घेतलें, आणि आमच्या पुण्याच्या घराची पडवी दोन महिने त्या यंत्राच्या स्वाधीन झाली. यंत्र चाकांवर चाले. कॅमेऱ्यानें जमिनीवरील वस्तु ओळखी, चिमट्यानें उचली, आणि धातु, काच, कागद व प्लॅस्टिक अशा चार डब्यांपैकीं एकांत टाकी. एकदां कळ दाबली कीं कोणींहि त्यास हात लावावयाचा नाहीं, अशी अट होती. अशा यंत्रांना जगभर रोबो म्हणतात. तें नांव कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकांतून आलें, आणि त्याच्या मुळाशीं असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. आमचा हा वेठबिगारी मात्र फार लाडका होता. रात्रीं त्याला चादर पांघरीत.

धान्य निवडणें ही विद्या आहे असें आमच्या घरांत कोणीं कधीं मानलें नाहीं. परंतु यंत्राला निवडावयास शिकवूं लागल्यावर त्या क्रियेंत किती ज्ञान सांठलेलें आहे हें ध्यानांत आलें. लोखंडी पत्र्याचा डबा लोहचुंबकास चिकटतो, ॲल्युमिनियमचा चिकटत नाहीं. पाण्याची बाटली दिसावयास एक वस्तु, पण बहुधा तिचें अंग एका जातीच्या प्लॅस्टिकचें आणि झांकण दुसऱ्या जातीचें असतें. दोहोंचे तुकडे पाण्यांत टाकले तर अंगाचे बुडतात व झांकणाचे तरंगतात. मोठ्या कारखान्यांत डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशानें प्लॅस्टिकची जात ओळखतात. तेथेंहि काजळी घालून काळें केलेलें प्लॅस्टिक तो प्रकाश गिळून टाकतें आणि यंत्रापुढून अनोळखी निघून जातें. मुलांपाशीं तर साधा कॅमेराच होता. नवा डबा तो ओळखी. तोच चेपला कीं गोंधळे.

हा खेळ तसा जुना आहे. १९९४ मध्यें अमेरिकेंत सिॲटल येथें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांच्या परिषदेंत कचेरींतला केर उचलण्याची स्पर्धा झाली, व जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या चमूचीं तीन लहान यंत्रें तींत पहिलीं आलीं. गुरूच्या चंद्रांवरून त्यांना आयो, गॅनिमीड व कॅलिस्टो अशीं नांवें दिलीं होतीं. कल्पना मोठी मनोहर आहे. परंतु स्पर्धेंतला केर हा मांडलेला केर असतो. त्याला वास नसतो, आणि स्पर्धा संपल्यावर त्याचें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या मुलांच्या स्पर्धेचा नियम असा होता: योग्य डब्यांत पडलेल्या वस्तूस दहा गुण, अयोग्य डब्यांत पडलेल्या वस्तूबद्दल पांच गुण वजा, आणि न उचललेल्या वस्तूस शून्य. वेळ दहा मिनिटें. पुतण्यानें यावर सुबक गणित मांडलें. यंत्र प्रत्येक वस्तूविषयीं आपली खात्री आंकड्यांत सांगतें. नुसत्या गुणांचा विचार केला तर एक-तृतीयांशाहून अधिक खात्री असली कीं उचलणें फायद्याचें. पण वेळ थोडा, म्हणून संशयित वस्तूवर घालवावयाचे क्षण निश्चित वस्तूला दिलेले बरे. त्यानें खात्रीची मर्यादा पुष्कळ वर नेली. यंत्र सोपें तेवढें उचलूं लागलें आणि अवघड वस्तूंना वळसा घालून जाऊं लागलें. गुण भराभर वाढले.

मला तें पाहून कांहींसें खटकलें, पण काय खटकलें हें लवकर सांगतां येईना. संशय आला असतां हात आवरणें हा दोष नव्हे. काचेचा एक चुरा कागदाच्या ढिगांत गेला तर तो सारा ढीग बिघडतो. तेव्हां चुकीबद्दल दंड असावा हें योग्यच. माझें भांडण दंडाशीं नव्हतें, शून्याशीं होतें. शून्य म्हणजे कांहींच घडलें नाहीं. परंतु वस्तु तर तेथेंच पडून राहते! पुणें शहरानें जें निवडलें नाहीं तें वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत जाऊन पडलें. तेथील विहिरींना व माणसांना तें शून्य खचित वाटलें नसेल.

हें मी बोलून दाखविलें तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, खेळाचे नियम म्हणजे जगाचे नियम नव्हेत." त्याचें म्हणणें मला तेव्हां पटलें होतें.

पुढें यंत्राला शिकविण्यासाठीं नमुने हवे होते, म्हणून आमच्या गल्लींतला कचरा नेणाऱ्या मावशींना मुलांनीं एक दुपार पडवींत बसविलें. कचरा वेंचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यांत १९९३ मध्यें स्थापन झाली, आणि तिच्यांतूनच निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनें २००८ मध्यें महानगरपालिकेशीं करार केला. मावशी तेव्हांपासून दारोदार जातात. त्यापूर्वीं उकिरड्यांवर वेंचीत. प्लॅस्टिक त्या कानाजवळ धरून चुरगाळीत, नखानें दाबीत, आणि जात सांगत. यंत्र एकदां वळेपर्यंत त्यांचा अर्धा ढीग होऊन जाई. मुलांनीं त्यांना दुपारची मजुरी दिली. अहवालांत मात्र 'प्रत्यक्ष क्षेत्रांतून गोळा केलेले नमुने' एवढेंच शब्द आले.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. आंतून चंदेरी असलेलीं फराळाचीं पाकिटें मावशींनीं न पाहतांच बाजूस सारलीं. तीं कोणत्या डब्यांत, असें पुतण्यानें विचारलें. त्या म्हणाल्या, "ह्याला कोण घेत नाय, बाळा. लई थर असत्यात, सुटत नाय." त्या यंत्रापेक्षां शतपट जाणत्या, आणि तरीहि त्यांच्यापाशीं एक शून्य होतेंच, तें भंगारवाल्याच्या तराजूनें ठरविलें होतें. त्यांत त्यांचा दोष कसला? ज्याला भाव नाहीं तें उचलावें तर संध्याकाळची चूल कशी पेटावी? पुतण्या माझ्याकडे पाहून कांहीं बोलला नाहीं. खेळाचा व जगाचा नियम या एका ठिकाणीं तरी सारखाच निघाला होता, आणि दोन्हीं ठिकाणीं तो उचलणारानें केलेला नव्हता.

त्या रात्रीं मुलांनीं यंत्राला पांचवा डबा जोडला. ओळख पटली नाहीं तरी वस्तु उचलावयाची आणि त्यांत ठेवावयाची. मागून माणसानें पाहावें. यंत्र संथ झालें, गुण घसरले. स्पर्धेच्या आदल्या दिवशीं बरीच वादावादी होऊन डबा पुनः काढला गेला, व ते दुसरे आले. मी त्यांना बोल लावला नाहीं. माझ्या हातीं त्यांची पदवी नव्हती, कीं बक्षीसहि नव्हतें.

काढलेला डबा पडवींतच राहिला. परवां मावशींनीं तो उपडा करून पाहिला, दोन झांकणें व एक तार काढून घेतली, आणि उरलेलीं चंदेरी पाकिटें परत आंत भरून ठेवलीं. तीं सारीं आमच्याच घरचीं होतीं.