न उडालेला बार

धर्मग्रामातील घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक कुटुंबाचा उंबरठा ओलांडण्याचे भाग्य धर्मगुरूला लाभते. प्रार्थना आटोपते, पवित्र पाणी शिंपडले जाते, चहाचा कप हाती येतो आणि मग खरे बोलणे सुरू होते. कोणी मुलाच्या नोकरीची काळजी बोलून दाखवतो, कोणी मुलीच्या लग्नाची. कामठीच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त हवालदारांनी मात्र मला असा प्रश्न विचारला, की ज्याचे उत्तर सेमिनरीतील माझ्या नीतिशास्त्राच्या वह्यांत सहजासहजी सापडण्यासारखे नव्हते.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी पंधरा-सोळा वर्षे एका बँकेच्या दारावर सशस्त्र रखवालदार म्हणून काढली. आपल्याकडे अशी नोकरी पुष्कळदा त्यालाच मिळते, ज्याच्याजवळ स्वतःची बंदूक आणि स्वतःचा परवाना असतो. शिंप्याला जसे शिवणयंत्र, तशी या माणसांना बंदूक. आरंभी त्यांनी कोणाची तरी जुनी दुनळी घेतली होती. पुढे पैसा-पैसा साठवून, ती विकून, सरकारी आयुध निर्माणीची बारा बोअरची पंप ॲक्शन बंदूक घेतली. आता त्यांना सत्तरावे वर्ष लागले होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षे पूर्ण झाली, अथवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की ते हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. "फादर," त्यांनी विचारले, "पोराच्या नावे करू, की विकून टाकू?"

मी काही बोलण्याआधीच त्यांनी कुलूपबंद कपाटातून बंदूक काढली. जुन्या शिपायाच्या सवयीने ती रिकामी असल्याची प्रथम खात्री केली, नळी भिंतीकडे वळवली आणि मग तिचे गुण सांगू लागले. विदेशी बंदुकीचे नाव मोठे. पण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशातून बंदूक आणण्याची वाट जवळजवळ बंद झाली, आणि देशात आधीपासून असलेल्या विदेशी बंदुकांच्या किमती गरिबाच्या आवाक्याबाहेर गेल्या. ही मात्र आपल्या ऐपतीतली. लाकूडकामात डौल नाही, वजन अंमळ जास्त, पण दुनळीत दोनच काडतुसे बसतात, हिच्या नळीखालच्या नळकांड्यात अधिक. पुढची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे जागेवर बसते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे हिला चांगली मानवतात. "इतक्या वर्षांत हिने मला एकदाही दगा दिला नाही, फादर. पैसे वसूल!" त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मी चांगली बैलजोडी बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

दाराशी त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू उभा होता. त्याने विचारले, "आजोबा, हिने तुम्ही किती चोर मारले?"

"एकही नाही, बाळा. सरावाच्या मैदानाबाहेर हिचा बार कधी उडालाच नाही."

मुलाचा चेहरा पडला. ते पाहून आजोबाही क्षणभर ओशाळले, जणू त्यांच्याकडून काही करायचे राहून गेले होते. वाचकहो, तो पडलेला चेहरा आणि ते ओशाळणे मी घरी घेऊन आलो. हे चिंतन त्यातूनच निघाले आहे.

आपल्या वस्तूविषयी माणसाला समाधान वाटणे यात गैर काहीच नाही. खंडेनवमीला आपले शेजारी हत्यारे-अवजारे पुसून, फुले वाहून त्यांची पूजा करतात. आपली उपासनापद्धती निराळी असली, तरी ज्या साधनाने घरात भाकरी आली त्या साधनाविषयी कृतज्ञता बाळगावी, ही त्यामागची भावना आपल्यालाही कळते. अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे तर नागपूरकरांना 'ऑर्डनन्स' हा शब्द घरचाच आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील सर्व आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या, त्यांतील यंत्र इंडिया या कंपनीचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. शस्त्रे घडविणाऱ्या हातांची अन्नाची ताटे आपण जवळून पाहिलेली आहेत. तेव्हा बंदूक हा शब्द ऐकताच कानांवर हात ठेवण्याचा दांभिकपणा आपण करू नये.

परंतु हवालदारांचे समाधान नीट उलगडून पाहिले, तर त्याचे तीन पदर दिसतात. पहिला पदर किमतीचा: थोड्या पैशांत चांगली वस्तू मिळाली. दुसरा भरवशाचा: वेळेला ती अडणार नाही. हे दोन्ही पदर निष्पाप आहेत. ते शिवणयंत्रालाही लागू पडतात आणि विहिरीवरच्या पंपालाही. तिसरा पदर मात्र बंदुकीचाच खास आहे. तो सामर्थ्याचा. समोरच्या माणसाचे आयुष्य माझ्या एका बोटाच्या हालचालीवर आहे, ही ती जाणीव. हा पदर पहिल्या दोन पदरांच्या आड लपून मनात शिरतो. 'स्वस्त आहे', 'टिकाऊ आहे' असे आपण म्हणत असतो, आणि आत कोठेतरी 'मी बलवान आहे' असे मन म्हणत असते.

मग निष्पाप समाधान आणि दूषित समाधान यांतील फरक ओळखायचा कसा? मला एक साधी कसोटी सुचते. शिवणयंत्राच्या मालकाला यंत्र वापरावेसे वाटते, आणि ते योग्यच आहे. नांगराच्या मालकाला नांगर चालवावासा वाटतो. बंदुकीच्या बाबतीत नियम उलटा आहे. ज्याला ती कधीही वापरावी लागू नये असे मनापासून वाटते, त्याच्याच हाती ती शोभते. ती वापरण्याची संधी यावी, अशी इच्छा ज्या क्षणी मनात डोकावते, त्या क्षणी परवाना कायदेशीर राहिला तरी समाधान नासलेले असते.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाचा विचार करताना हेतूवरच बोट ठेवले होते. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात: स्वतःचा जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जीव जाणे. पहिला परिणाम हाच हेतू असेल आणि बळ गरजेपुरतेच वापरले असेल, तर तो मनुष्य दोषी नाही. गरजेहून अधिक बळ वापरले, तर आहे. ख्रिस्तसभेची शिकवण आजही त्याच वाटेने जाते. इतरांच्या जीविताची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला तर संरक्षण हे कर्तव्यही ठरू शकते. म्हणून बँकेच्या दारावरील रखवालदार पापी नाही, आणि ज्याचे उभे पीक रोही आणि रानडुकरे एका रात्रीत लोळवतात, तो आपला विदर्भातील शेतकरीही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहेच. अर्थात बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथे निराळी परवानगी आवश्यक केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. कायदा वय पाहतो, संख्या मोजतो, पोलिसांचा अहवाल मागवतो. हे सारे आवश्यकच आहे. पण बंदूक हाती घेताना माणसाच्या मनात कोणता पदर हलतो, हे कोणत्याही अर्जाच्या रकान्यात लिहिता येत नाही. ते सद्‌सद्विवेकबुद्धीलाच पाहावे लागते.

स्वस्ताईचीही एक नैतिक बाजू आहे, आणि ती आपण सहसा पाहत नाही. वस्तू स्वस्त आणि वापरायला सोपी झाली की ती वापरण्यापूर्वीचा विचारही स्वस्त होतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांतील लढाईसाठी १८९७ च्या नमुन्याची पंप ॲक्शन बंदूक आणली. ती इतकी भीषण ठरली, की सप्टेंबर १९१८ मध्ये खुद्द जर्मनीने, म्हणजे ज्या देशाने युद्धात विषारी वायू सोडला होता त्याने, ती युद्धनियमांविरुद्ध असल्याचा निषेध नोंदवला. अमेरिकेने तो फेटाळला. दोन्ही बाजूंना स्वतःचे शस्त्र रास्त आणि दुसऱ्याचे अमानुष वाटत होते.

आपल्याच देशातील उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक बोचणारे आहे. काश्मीरमध्ये २०१० पासून जमाव पांगविण्यासाठी याच जातीच्या बंदुकीतून बारीक छर्रे सोडले जाऊ लागले. गोळीपेक्षा हे कमी घातक, असे समाधान त्यामागे होते, आणि ते समाधान सर्वस्वी खोटे होते असेही नाही. दगडांच्या वर्षावात उभ्या असलेल्या जवानाची अडचणही खरीच होती. परंतु काडतुसातून सुटलेले शेकडो छर्रे फाकत जातात; कोणता कोणाला लागेल हे चाप ओढणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत लहान मुलेही होती. 'कमी घातक' हा शब्द मनात एकदा रुजला की हात अधिक वेळा उचलला जातो, हा त्यातील धडा आहे.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. अटकेच्या रात्री शिष्य प्रभूला मोठ्या भरवशाने सांगतात, की आपल्याजवळ दोन तलवारी आहेत. त्यांच्या बोलण्यात मला नेहमी मालकाचे समाधान ऐकू येते. पुढे काही वेळातच त्यांतील एक तलवार उपसली जाते आणि तिने काय साधते? एका सेवकाचा कान तुटतो, आणि प्रभूला तो बरा करावा लागतो. शिष्यांच्या शस्त्राची शुभवर्तमानात नोंदलेली कामगिरी एवढीच.

काही दिवसांनी मी पुन्हा हवालदारांकडे गेलो आणि ही कसोटी त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, खरे सांगू? नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा मला वाटले होते, एखादा दरोडेखोर यावा. एकदाच. निदान लोकांना कळले असते, हा म्हातारा उगाच उभा नाही." हे त्यांनी पापनिवेदनात नव्हे, तर पत्नीसमोर, ओसरीवर बसून सांगितले, आणि येथे लिहिण्यास संमतीही दिली. त्यांची पत्नी हसून म्हणाली, "निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची, तेवढे दिवस मला शांत झोप लागायची. ह्यांना मात्र लागायची नाही." एकाच छपराखाली एकाच वस्तूने एकाला समाधान दिले होते आणि दुसऱ्याचे हिरावले होते, आणि इतक्या वर्षांत हा हिशेब कोणी मांडला नव्हता.

मी त्यांना कोणतीही आज्ञा केली नाही. एवढेच म्हणालो, की बंदूक वारसाने देता येते, पण ती सांभाळण्याचा संयम वारसाने जात नाही. तो प्रत्येकाला नव्याने कमवावा लागतो. त्यांच्या मुलाला नोकरीसाठी बंदुकीची गरज नाही. नातवाला तर एकवीस वर्षांचा होईपर्यंत कायद्याने परवानाच मिळणार नाही. या दोघांच्या हाती तिचा पहिला आणि दुसरा पदर निरुपयोगी ठरेल. उरेल तो फक्त तिसरा.

पावसाळ्यानंतर त्यांनी बंदूक रीतसर परवानगी घेऊन परवानाधारक विक्रेत्याला विकली. भाव फारच कमी आला, म्हणून ते थोडे कुरकुरले. "स्वस्तात घेतली, त्याहून स्वस्तात गेली," असे म्हणाले. पण खरी गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली. बंदूक घराबाहेर नेण्याच्या आदल्या रात्री नातवाने पुन्हा विचारले होते, "एकही चोर मारला नाही, तर इतकी वर्षे तुम्ही तिथे उभे राहून करत काय होता?"

या वेळी आजोबा ओशाळले नाहीत. ते म्हणाले, "दार सांभाळत होतो, बाळा. लोक पेन्शन घ्यायला येत होते, आणि पैसे घेऊन सुखरूप घरी जात होते."