बसणारे उत्तर



मागील महिन्यात आपल्या पत्रकात बायबल शब्दकोडे छापले होते. बक्षीस घ्यायला आलेला आठवीतला एक मुलगा सॅक्रिस्टीच्या दारात उभा राहून आम्हाला म्हणाला, "फादर, कोडं अगदीच सोपं होतं. सगळी उत्तरं बायबलमधली असणार हे आधीच माहीत होतं. दोन अक्षरी आणि तारू बांधणारा म्हटल्यावर दुसरं कोण असणार?"

मुलाचे म्हणणे खोटे नाही. कोड्याला विषय असला की ते अर्धे सुटलेलेच असते. आज आम्ही लिहिणार आहोत ते ज्या कोड्यांना विषयच नसतो त्यांच्याविषयी, आणि ती सोडवताना आम्हाला पडलेल्या एका प्रश्नाविषयी. एखादे उत्तर चारी बाजूंनी नीट बसते, एवढ्यावरून ते खरे मानण्याचा हक्क आपल्याला पोहोचतो का?

२०१३ सालच्या उन्हाळ्यात आम्ही दोन महिने अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, एका लहानशा धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून होतो. तेथील धर्मगुरुनिवासात ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त फादर राहत असत. न्याहारी झाली की टेबलावर पेन्सिल, खोडरबर आणि शनिवारच्या शब्दकोड्यांचे एक जाडजूड पुस्तक येई. मग तासभर ते कोणाचे नसत.

शनिवारचीच कोडी का, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे शब्दकोडे सोमवारी सर्वांत सोपे असते, पुढे रोज चढत जाते आणि शनिवारी सर्वांत कठीण होते. रविवारचे आकाराने मोठे, पण शनिवारइतके अवघड नसते. सोमवार ते गुरुवार कोड्यातील लांब उत्तरे बहुधा एखाद्या सूत्रात ओवलेली असतात. एक सापडले की बाकीच्यांचा वास लागतो. शुक्रवारी आणि शनिवारी सहसा असे सूत्र नसते. पंधरा बाय पंधराचा चौकोन, म्हणजे २२५ घरे, आणि शब्द जास्तीत जास्त ७२. विषय असलेल्या कोड्यात ते ७८ पर्यंत चालतात. शब्द कमी म्हणजे लांबी जास्त, काळी घरे थोडी आणि पांढरे रान मोकळे. त्या रानात शिरल्यावर आधाराला काही मिळत नाही.

आपल्या मराठी कोड्यात एका घरात काना, मात्रा, वेलांटीसकट एक अक्षर बसते. त्यामुळे शब्द एकमेकांत गुंफणे कठीण जाते, काळी घरे पुष्कळ लागतात आणि कित्येक अक्षरांना एकाच बाजूचा आधार असतो. अमेरिकन कोड्यात मात्र प्रत्येक अक्षर एका आडव्या शब्दातही असते आणि एका उभ्या शब्दातही. प्रत्येक अक्षराला दोन साक्षीदार. पुढे सांगायचे आहे त्यासाठी ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

(जाता जाता एक गंमत. पहिले शब्दकोडे आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापले. १९२४ साली देशभर त्याचे वेड पसरले, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हा वेळेचा पापमय अपव्यय आहे अशा आशयाचे लिहिले. त्याच वृत्तपत्राने १५ फेब्रुवारी १९४२ पासून स्वतःचे कोडे सुरू केले. तेव्हा सकाळी पेपर कोणाच्या हाती आधी पडावा यावरून ज्या घरांत भांडणे होतात, त्यांनी मन फार खाऊ देऊ नये.)

एके दिवशी त्या फादरांनी आम्हाला एक कोडे सोडवायला दिले. त्यात एक संकेत होता, 'नंबर'. उत्तर पाच अक्षरांचे, पहिले अक्षर 'ई', तेही उभ्या शब्दावरून पक्के झालेले. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता लिहिले, 'एट', म्हणजे आठ. इंग्रजी स्पेलिंगात बरोबर पाच अक्षरे: ई, आय, जी, एच, टी. आठ हा नंबर नव्हे तर काय? मग त्या 'आय'पासून सुरू होणारा उभा शब्द आम्ही शोधू लागलो. एक सापडलाही. तो त्याच्या संकेताशी तितकासा जुळत नव्हता, पण आम्ही जुळवून घेतला. त्याच्या आधाराने आणखी एक लिहिला. नंतर तो कोपरा जो अडला तो दोन दिवस अडूनच राहिला. आम्हाला वाटले, कोडे रचणाऱ्याचेच काही चुकले असावे.

तिसऱ्या दिवशी फादरांनी चष्मा पुसला, कोपऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "यातल्या कोणत्या शब्दाची तुम्हाला सगळ्यात जास्त खात्री आहे?" आम्ही 'एट'वर बोट ठेवले. त्यांनी खोडरबर आमच्यापुढे सरकवला.

'नंबर' हेच स्पेलिंग दुसऱ्याही एका शब्दाचे आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. 'नम' म्हणजे बधिर. 'नमर' म्हणजे बधिर करणारा. उत्तर होते 'ईथर', शस्त्रक्रियेपूर्वी पूर्वी देत असत ते औषध. तेही पाच अक्षरी आणि 'ई'पासूनच सुरू होणारे. सोप्या दिवशी अशा चकवणाऱ्या संकेतापुढे प्रश्नचिन्ह देतात. कठीण कोड्यात तेवढीही दया दाखवतीलच असे नाही. आम्ही शब्द खोडला आणि अर्ध्या तासात तो कोपरा भरला. रिकामी घरे आम्हाला अडवत नव्हती, भरलेली घरे अडवत होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक जुना वाद शिकवला होता. आपले ज्ञान इमारतीसारखे आहे की जाळ्यासारखे? एक पक्ष म्हणतो, खाली काही पक्का पाया असतो आणि त्यावर बाकीचे मजले चढतात. दुसरा म्हणतो, पाया वगैरे काही नाही, आपली मते एकमेकांना धरून उभी असतात. सुसान हॅक या विदुषीने १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात तिसरी उपमा दिली, ती शब्दकोड्याची. आपले अनुभव हे कोड्यातील संकेत. आपण आधीच मानलेल्या गोष्टी म्हणजे भरलेले शब्द. नवे उत्तर दोहोंना धरून असावे लागते. ते किती विश्वासार्ह, हे तीन गोष्टींवर ठरते. संकेत त्याला किती पाठिंबा देतो, त्याला छेदणारे शब्द त्याच्यावर न टेकता स्वतःच्या बळावर किती पक्के आहेत आणि कोडे एकंदर किती भरले आहे.

यातील मधली अट आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या 'एट'ला छेदणारा शब्द 'एट'च्याच भरवशावर लिहिलेला होता. तो 'एट'च्या बाजूने साक्ष देत होता खरा, पण साक्षीदार आरोपीच्याच घरी जेवत होता.

तरीही शंका उरतेच. सर्व साक्षी स्वतंत्र असल्या, घर न् घर भरले, म्हणजे तरी उत्तर खरे ठरले का? याचे नवल वाटावे असे उदाहरण ५ नोव्हेंबर १९९६ या दिवशी घडले. अमेरिकेत त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कोड्यात उद्याच्या वृत्तपत्रातील मुख्य बातमी विचारली होती. लोकांनी लिहिले, 'क्लिंटन इलेक्टेड', क्लिंटन निवडून आले. काही जण रागावले. निकाल लागण्याआधीच हे वृत्तपत्र क्लिंटनना विजयी कसे करते? पण त्याच घरांत 'बॉब डोल' हे नावही तंतोतंत बसत होते. स्पेलिंग दोन्हींचे सात अक्षरी. कोडे रचणारे गणिताचे प्राध्यापक जेरेमाया फॅरेल यांनी सातही उभे शब्द असे योजले होते की दोन्ही अक्षरांनी अर्थ लागावा. संत-दिनाच्या पूर्वसंध्येच्या हॅलोवीनमधील काळा प्राणी कोणता? 'सी' घेतला तर 'कॅट', मांजर. 'बी' घेतला तर 'बॅट', वटवाघूळ. दोन्ही काळी, दोन्ही बरोबर. म्हणजे कोड्याच्या आत राहून खरे उत्तर कोणते हे कोणालाही सांगता येणार नव्हते. ते रात्री मतमोजणीनंतर, कोड्याच्या बाहेरून कळले.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, यावर आम्ही बरेच दिवस विचार केला आहे.

अमेरिकेहून परतल्यानंतर तीनेक वर्षांनी, या नव्हे, दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही होतो. तेथील एक वयस्क गृहस्थ दर रविवारी दान मोजत आणि सोमवारी बँकेत भरत. एका सणाच्या रविवारी मोजणीची चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात होती. सोमवारी बँकेत भरलेली रक्कम तीपेक्षा नऊ हजार रुपयांनी कमी होती. हे आम्हाला सांगितले त्यांनीच. त्याच सोमवारी पहाटे आम्ही आठ दिवसांच्या तपसाधनेला गेलो होतो, त्यामुळे त्यांची आमची भेट परतल्यावर झाली. ते म्हणाले, "फादर, चिठ्ठीपेक्षा नऊ हजार कमी भरलेत. कसे ते कळत नाही."

आमच्या मनात एक शब्द उमटला आणि आम्ही तो लिहून टाकला. पुढे सगळे जुळत गेले. त्यांनी महिन्याभरात नवी स्कूटर घेतली. मिस्सा संपताच ते घाईने निघून जाऊ लागले. आमच्या नजरेला नजर देईनात. इतकेच काय, कमी रक्कम त्यांनी स्वतःहून सांगितली, यातही आम्हाला हुशारी दिसली. प्रामाणिकपणाची खूणच आम्ही लबाडीच्या रकान्यात भरली. हॅकबाई आम्हाला तोंडपाठ होत्या, तरी एकाही साक्षीदाराला आम्ही विचारले नाही की बाबा, तू कोणाच्या घरी जेवतोस. स्कूटर घेणे हा गुन्हा कधीपासून झाला? आणि आम्हीच त्यांच्याकडे तशा डोळ्यांनी पाहत असू, तर त्यांनी नजर कशाला द्यावी?

आम्ही आरोप केला नाही. आम्ही फक्त मोजणीचे काम तरुणांकडे दिले, वेदीवरून त्यांचे जाहीर आभारही मानले. त्यांना समजायचे ते समजले असणार.

अकरा महिन्यांनी एक बाई निवासात आल्या. हातात पाकीट होते. "फादर, त्या रात्रीचे पैसे. उशीर झाला, माफ करा." त्या सणाच्या रात्री त्यांच्या सासूचा मृतदेह हॉस्पिटलमधून सोडवायचा होता, बिल थकले होते. आम्ही कपाट उघडून दानाच्या थैलीतून नऊ हजार काढून दिले होते आणि सकाळी वहीत लिहू म्हणालो होतो. सकाळी आम्ही तपसाधनेला गेलो.

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'मध्ये, न्यायनिवाड्याविषयीच्या साठाव्या प्रश्नात, याच अडचणीचा विचार केला आहे. शंका असेल तेथे माणसाविषयी चांगलेच मानावे, असे ते म्हणतात. लगेच आक्षेप येतो की अशाने आपण पुष्कळदा फसू. ते कबूल करतात, फसू. पण वाईट माणसाला चांगला समजून अनेकदा फसणे, हे चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित फसण्यापेक्षा बरे, कारण दुसऱ्यात कोणावर तरी अन्याय होतो. पुढे ते वस्तूंविषयीचा निवाडा आणि माणसांविषयीचा निवाडा असा भेद करतात. वस्तू जशी आहे तशी ठरवावी, त्यात तिचे काही बरे-वाईट होत नाही. माणसाचे होते.

कोड्याची उपमा येथे संपते. 'ईथर'च्या जागी 'एट' लिहिल्याने त्या घरांना काही दुखले नाही. खोडरबर फिरवला आणि कागद पूर्वीसारखा झाला. निदान जवळजवळ.

बाई गेल्या त्याच संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. ओटीवर बसून सर्व सांगितले, क्षमा मागितली. त्यांनी ऐकून घेतले. बायकोला चहा ठेवायला सांगितले. मग म्हणाले, "फादर, तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

आमच्याकडे उत्तर नव्हते. कोड्यातील घराला विचारता येत नाही, ते काय असेल हे अंदाजानेच ठरवावे लागते. माणूस मात्र हाकेच्या अंतरावर राहत होता आणि दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होता.

मोजणीला पुन्हा याल का, असे आम्ही निघताना विचारले. ते नको म्हणाले. डोळे अधू झालेत, नोटा नीट दिसत नाहीत, असे त्यांनी कारण दिले. ते खरे आहे असे आम्ही धरून चाललो आहोत.

आपला नम्र,
प्रमुख धर्मगुरू