विणीचा हंगाम कोणाचा?

शिकारीच्या पापपुण्याचा वाद आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नापाशी अडतो: मारावे की मारू नये? एका बाजूला अहिंसा, दुसऱ्या बाजूला पोट आणि परंपरा, आणि दोघेही आपापल्या जागी घट्ट. त्याला लागूनच असलेला, माझ्या मते अधिक नेमका प्रश्न मागे राहतो. तो म्हणजे, केव्हा मारू नये. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी नाही. उन्हाळ्यात शेते मोकळी असतात, पानगळीने रान विरळ झालेले असते, आणि चार सोबत्यांनी कुत्री, गलोल, तीरकामठा घेऊन रानात शिरायचे तर पूर्वीपासून सोयीचे दिवस हेच. ससा, तितर, लावा, रानकोंबडा यांच्यामागे जायचे, गावाने मिळून हाका घालायचा, हाती येईल ते वाटून खायचे. नेमके हेच दिवस रानकोंबड्याच्या विणीचे असतात. माणसाला पोटासाठी जीव घेण्याचा अधिकार आहे असे क्षणभर धरून चालू. तरीही विणीचा काळ त्या अधिकारात बसत नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी शाकाहाराचा आधार घ्यावा लागत नाही, शहरातून आणलेल्या भूतदयेचाही नाही. त्याचा आधार या दोन तालुक्यांच्या स्वतःच्या धर्मजीवनात आहे.

आधी तो पक्षी नीट पाहू. राखी रानकोंबडा हा सह्याद्रीचा आणि दक्षिण भारताचा पक्षी. भारताबाहेर तो रानात सापडत नाही. नराच्या मानेवरची पिसे काळपट असतात आणि त्यांवर पांढरे नि मेणासारखे चकाकणारे पिवळे ठिपके असतात. पावसाळ्यात ही पिसे झडतात, मान साधी काळसर दिसू लागते. म्हणजे हा सगळा थाट विणीपुरता. फेब्रुवारी ते मे हे विणीचे मुख्य महिने. मादी जाळीच्या बुडाशी उथळ खळगा करते, त्यात पाचोळा पसरून चार ते सात अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटीच उबवते. एरवी हा पक्षी इतका सावध की पाचोळ्यात पाऊल वाजले तरी जाळीत नाहीसा होतो. याच दिवसांत मात्र नर पहाटे आणि सांजेला पुन्हा पुन्हा आरवतो आणि आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. शिकाऱ्याची सारी भिस्त त्या आवाजावर. पाळीव नर बांधून भोवती फासे लावायचे, त्याची बांग ऐकून रानातला नर भांडायला येतो आणि अडकतो, ही युक्ती जुनी आहे. फासेपारध्यांची तितराची शिकारही याच तत्त्वावर चालत आली. सातासमुद्रापार अमेरिकेत वसंतात मित्रमित्र मिळून रानटर्कीच्या शिकारीला जातात, तिथेही वेगळे काही नाही. शिकारी पहाटे झाडाच्या बुंध्याशी लपून बसतो आणि लाकडी पेटीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो. निसर्गाच्या रीतीने मादी नराकडे जायची. इथे नर तिला शोधत येतो आणि बंदुकीच्या टप्प्यात सापडतो.

अमेरिकी शिकाऱ्याचा बचाव हलका नाही, आणि तो आपल्याकडच्या शिकारीलाही लावता येईल, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की तिथल्या कित्येक राज्यांतून नाहीशी झाली होती. पुढे शिकारीचे परवाने आणि बंदुका-काडतुसांवरचा कर यांतून पैसा उभा राहिला, पक्षी पकडून जुन्या रानांत पुन्हा सोडले गेले, आणि आज त्यांची संख्या कित्येक लाखांत आहे. वसंतात बहुतेक ठिकाणी फक्त नर मारायला परवानगी असते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर गेल्याने पिल्ले घटत नाहीत. हिशोब म्हणून हे खरे आहे. पण हा हिशोब ‘जात टिकेल का’ या प्रश्नाचे उत्तर देतो. धर्माचा प्रश्न तो नाही. समोरच्या एका जिवाशी मी कसा वागलो, हे संख्येवरून ठरत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात हा प्रश्न स्पष्टपणे आला आहे. पंडू रानात जुगणाऱ्या हरणांवर बाण सोडतो; त्यातले एक हरीण म्हणजे किंदम ऋषी. पंडू आपली बाजू मांडतो: मृग मारणे हा राजांचा धर्म आहे, अगस्त्यानेही मृगया केली होती. मरता मरता किंदम जे सांगतो ते फार लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे. हरणे मारल्याबद्दल तो राजाला दोष देत नाही. स्वतःवर बाण टाकल्याबद्दलही नाही. माझा संग पुरा होईपर्यंत तू थांबायला हवे होतेस, एवढीच त्याची तक्रार. ज्या सुखाची ओढ सर्व प्राण्यांना सारखी, त्या वेळी घात करणे नृशंस, असे तो म्हणतो, आणि शाप त्या वेळेबद्दल देतो. रामायणाच्या आरंभी वाल्मीकी निषादाला शापतो तोही क्रौंचाच्या जोडीतला नर कामात गुंतलेला असताना मारला म्हणून. ही दोन्ही महाकाव्ये मृगयेच्या जगातली आहेत, शिकारीला सरसकट पाप मानणारी नव्हेत. तरी दोन्हींनी रेषा एकाच जागी ओढली, याला मी योगायोग मानत नाही. चरताना, पळताना, झुंजताना प्राणी स्वतःचा जीव राखत असतो. विणीत तो जपणे सोडून पुढच्या जिवासाठी उघडा पडतो. त्या वेळी त्याला गाठण्यात शिकाऱ्याचे कसब नसते. जिच्यामुळे जीवसृष्टी चालते, तीच ओढ तिथे फासा म्हणून वापरली जाते. माझ्या दृष्टीने दोष इथे आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. संस्कृत काव्यांतले दाखले इथल्या वारली आदिवासींना का लावायचे? त्यांचे देव वेगळे, भगत वेगळा, लग्न लावणारी धवलेरी वेगळी. मान्य. म्हणून इथलेच दाखले पाहू. पहिल्या पावसानंतर रानात कोळीभाजी उगवते, गवतासारखी लांबट कोवळी पाती. तेव्हा घरातले धान्य तळाला गेलेले असते. तरीही देवाला दाखवल्याशिवाय ती तोंडात घालायची नाही, हा जुन्या वारली घरांचा नेम. नव्या भाताचेही तसेच. धान्याची देवी कणसरी, तिला मान दिल्यावाचून नवे खायचे नाही. भूक दाराशी असताना थांबायला शिकवणारा हा धर्म आहे. ऋतूत जे उगवते त्यावर आधी दुसऱ्या कोणाचा हक्क आहे, हे तो मानतो. मग वाघोबा. लाकडी फळीवर वा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदली गेली. त्याच्या कथेत बाईच्या पोटी जन्मलेला वाघ गावाची गुरे मारू लागतो, गाव चिडते, आणि शेवटी समेट होतो: वाघाने रानात राहायचे, गावाने त्याचे ठाणे मांडून वर्षाला त्याचे देणे द्यायचे. वाघबारशीला ते दिले जाते. या समेटात वाघाची भूक नाकारलेली नाही, तिला हद्द घातली आहे. वाघाला हद्द आहे आणि मला नाही, असे म्हणणारा भक्त समेटाची अर्धीच बाजू पाळतो.

याच तालुक्यांच्या पश्चिम टोकाला तर हे तत्त्व उघड आचारात आहे. डहाणूखाडीपासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग होड्या लोटत आले. आता सरकारी नियमाने यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि ही बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, अशी मागणी खुद्द मच्छीमारांच्या संघटनांनी वेळोवेळी केली आहे. कोणी म्हणेल, मुळात हा नेम खवळलेल्या समुद्राच्या भीतीचा. असेल. पण आज बंदी वाढवून मागणारा मच्छीमार लाटांना भिऊन ती मागत नाही. माशांना अंडी घालू द्या, म्हणून मागतो. भीतीतून निघालेला नेम माणसे विवेकाने पुढे चालवू शकतात, आणि धर्म वाढतो तो असाच.

माझ्या म्हणण्याला अडचणीचा दाखलाही याच भागात आहे, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. पहिल्या जोरदार पावसात मासे ओढ्यांतून शेतांकडे चढतात, अंडी सोडायला. वलगणीचे हे मासे धरायला माणसे आनंदाने बाहेर पडतात, आणि गाभोळीने भरलेला मासा अधिक चविष्ट मानला जातो. मित्रांच्या संगतीने विणीतला जीव धरण्याचा याहून स्पष्ट दाखला सापडणार नाही. मग मी त्याला सूट देतो का? नाही. पाण्याच्या वाटेवर चार माणसांनी हातांनी किंवा टोपल्यांनी धरलेले मासे आणि ओढ्याच्या तोंडावर काठोकाठ लावलेले बारीक आसाचे जाळे यांत फरक आहे, पण तो नुकसानीच्या प्रमाणाचा. प्रश्न दोन्हीकडे एकच राहतो. एखादी रीत जुनी आणि आनंदाची आहे, म्हणून ती बरोबर ठरत नाही. वारल्यांनी वेठही पिढ्यान्‌पिढ्या केली होती.

भुकेचा आक्षेप याहून वजनदार आहे. ज्याच्या घरी चैत्र-वैशाखात चूल कशीबशी पेटते, जो दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो, त्याच्यासमोर किंदमाची कथा सांगणे निष्ठुरपणाचे होईल. इथे आपद्धर्माचा जुना न्याय लागतो. दुष्काळात विश्वामित्राने चांडाळाच्या घरातले कुत्र्याचे मांस घेतले, ही शांतिपर्वातली कथा त्याच न्यायाची. उपाशी माणसाने विणीतला कोंबडा मारला तर दोष त्याच्याकडे जाण्याआधी त्याला उपाशी ठेवणाऱ्यांकडे जातो. पण हा न्याय मौजेला लागू पडत नाही. सुट्टीच्या दिवशी छर्‍याची बंदूक घेऊन गाडीतून रानात येणाऱ्यांना भुकेची सबब नाही, आणि मोबाइलवर मेलेल्या पक्ष्यांचे फोटो फिरवणाऱ्या गावच्या पोरांनाही नाही. राहिली मैत्री. सामूहिक शिकारीने माणसे जवळ येतात हे खरे आहे. हाक्यात प्रत्येकाची जागा ठरते, म्हातारा वाट सांगतो, पोरगा शिकतो, वाटा सर्वांना मिळतो. हे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यातले मोलाचे ते सगळे वाटणीत आणि सोबतीत आहे, आणि दोन्ही पावसाळ्यानंतर तारप्याच्या तालावर जिवंत असतात. जी मैत्री विणीतल्या पक्ष्याच्या मरणावाचून टिकत नाही, ती मुळातच कच्ची.

आणि ब्रॉयलर खाणाऱ्यांना हा उपदेश करण्याचा काय अधिकार? पाच-सहा आठवड्यांत वाढवून कापलेली कोंबडी ज्याच्या ताटात रोज येते, त्या कोंबडीला तर वीण काय हे कधी कळलेलेच नसते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. महाभारतातला मिथिलेचा धर्मव्याध स्वतः प्राणी मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. आणि तरीही तो स्वतःला निर्दोष म्हणवत नाही, नांगराच्या फाळाखालीही जीव मरतात हे ब्राह्मणाला सुनावतो. पैसे देऊन दुसऱ्याकडून मारवून घेणारा रानातल्या शिकाऱ्याहून वर उभा नाही. पण यातून निघते ते एवढेच की शहरातल्या माणसानेही आपल्या ताटाचा हिशोब द्यावा. त्याचा हिशोब बाकी आहे, म्हणून रानकोंबड्याचे घरटे मोकळे सोडण्याचे कारण संपत नाही.

कायद्याने हा प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची वाटही बंद झाली, आणि २००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासींचे पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क नेमका वगळला. परिणाम म्हणून मी या बंदीच्या बाजूने आहे. पण ज्या इंग्रजी राज्याने राखीव जंगलाची रेघ मारून वारल्याला रानात चोर ठरवले, त्याच राज्याचे साहेब त्याच रानात शिकार खेळत होते. गार्डच्या भीतीने सोडलेली शिकार गार्ड वळला की परत सुरू होते, याचे मूळ त्या इतिहासात आहे. त्याच २००६ च्या कायद्याच्या कलम ५ ने मात्र वन्यजीव आणि रान राखण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला आहे, आणि डहाणू-तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात आहेत. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी मे १९४५ मध्ये हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला आणि तो पाळून दाखवला. तो कोणा सरकारच्या हुकमाने झाला नव्हता. तसाच आता पाड्यापाड्यांतल्या ग्रामसभांनी वाघबारशीला, वाघोबाच्याच ठाण्यासमोर, ठराव करावा: होळीपासून कोळीभाजीचा नैवेद्य होईपर्यंत आमच्या रानात कोणी फासा लावणार नाही, कोणी हाका घालणार नाही, आणि बाहेरून बंदूक घेऊन येणाऱ्याला आम्ही पाड्याच्या हद्दीवरच अडवू.