गव्हाची प्रत कोणी ठरवायची?

२८ ऑक्टोबर १९२१ रोजी अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या मतदारांनी लिन फ्रेझियर या आपल्या गव्हर्नरला मुदत संपण्याआधीच घरी पाठवले. अशा रीतीने परत बोलावले गेलेले ते अमेरिकेच्या इतिहासातील पहिले गव्हर्नर. त्याच दिवशी आणखी एक कौल लागला. फ्रेझियर यांच्या सरकारने उभारलेली सरकारी बँक मोडीत काढण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. कारभारी गेला, संस्था राहिली. ती बँक आज शंभरी ओलांडून धडधाकट चालू आहे आणि अमेरिकेच्या पन्नास राज्यांत राज्याच्या मालकीची अशी सर्वसाधारण बँक दुसरी नाही. या राज्याचे मन समजून घ्यायचे तर या दुहेरी निकालाशी थांबावे लागते.

कॅनडाच्या सीमेला लागून असलेला हा गवताळ, कडाक्याच्या थंडीचा मुलूख २ नोव्हेंबर १८८९ रोजी राज्य झाला. तो वसवला रेल्वेने. नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीला सरकारकडून इथे एक कोटीहून अधिक एकर जमीन मिळाली होती. जर्मन भांडवल ओढून आणावे म्हणून १८७३ मध्ये रेल्वेने एका गावाला जर्मन चॅन्सेलर बिस्मार्क यांचे नाव दिले. तीच आज राज्याची राजधानी आहे. नॉर्वेहून आणि रशियातल्या जर्मन वस्त्यांमधून आलेल्या कुटुंबांनी माळरान फोडून गहू पिकवला. पण तो साठवणारी कोठारे, वाहून नेणारी रेल्वे, दळणाऱ्या गिरण्या आणि कर्ज देणाऱ्या पेढ्या, सगळ्यांच्या दोऱ्या शेजारच्या मिनेसोटातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या शहरांत होत्या.

शेतकऱ्याला सर्वात जास्त झोंबत असे ती प्रतवारी. गोदामात शिरताना हलका ठरलेला गहू इतर गव्हात मिसळून बाहेर पडताना वरच्या प्रतीचा म्हणून विकला जाई. मधला फरक शेतकऱ्याच्या पदरात कधीच पडत नसे. राज्याच्या कृषी महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ एडविन लॅड यांनी असा हलका ठरवलेला गहू प्रयोगशाळेत दळून, त्याच्या पिठाचे पाव भाजून पाहिले आणि त्याचे पीठ उत्तम निघते हे दाखवून दिले. शेतकऱ्याच्या तक्रारीला आता पुरावा मिळाला होता.

राज्याच्या मालकीचे मोठे धान्यकोठार हवे, असा कौल मतदारांनी १९१२ आणि १९१४ मध्ये दिला होता. १९१५ मध्ये विधिमंडळाने त्याकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी जवसाच्या शेतीत दिवाळे निघालेल्या आर्थर टाउनली यांनी नॉनपार्टिझन लीग स्थापन केली. कार्यकर्ते फोर्ड गाड्यांतून शेतोशेती फिरले. वर्गणीसाठी पुढच्या तारखेचे धनादेशही त्यांनी घेतले. १९१६ मध्ये फ्रेझियर हे शेतकरी गव्हर्नरपदी निवडून आले, आणि १९१९ मध्ये दोन्ही सभागृहे हाती असताना लीगने २० लाख डॉलर भांडवलाची बँक, पीठगिरणी व धान्यकोठार आणि गारपीट विमा यांचे कायदे केले. विरोधक न्यायालयात गेले. राज्याला असे उद्योग चालवता येतात, असा निर्वाळा १९२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण पूर्वेकडचे सावकार राज्याचे रोखे घेईनात, गव्हाचे भाव कोसळले, लीगमध्ये फाटाफूट झाली आणि गव्हर्नर पडले.

संस्था टिकल्या, कारण त्यांनी स्वतःला रोजच्या व्यवहारात रुजवले. राज्य सरकारचा पैसा या बँकेत जमा होतो आणि त्या ठेवींना राज्याची हमी असते. गावोगावच्या खासगी बँकांशी स्पर्धा करण्याऐवजी ती त्यांच्या कर्जांत वाटा उचलते, त्यामुळे छोट्या बँकाही तिच्या पाठीराख्या झाल्या. १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्सला सुरू झालेली सरकारी गिरणी आजही गहू दळते आणि नफ्यातला वाटा राज्याच्या तिजोरीत भरते. शेतजमीन कंपन्यांच्या हाती जाऊ नये म्हणून १९३२ मध्ये मतदारांनी कायदा केला. तो डेअरी आणि वराहपालनापुरता सैल करण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये त्यांनी मोठ्या फरकाने हाणून पाडला. हेच राज्य १९६४ नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी एकदाही डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या बाजूने गेलेले नाही. त्याला डावे किंवा उजवे म्हणून चालत नाही. आपल्या मालाचे मोल परक्याने ठरवू नये, हा इथला खरा पक्ष आहे.

पण या ‘आपल्या’मध्ये कोण कोण येते? मिसूरी नदीकाठचे मंडान, हिदात्सा आणि अरिकारा हे लोक रेल्वे येण्यापूर्वी कित्येक पिढ्या मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होते. त्यांची गावे ही त्या मुलुखाची बाजारपेठ होती. लुईस आणि क्लार्क या शोधप्रवाशांनी १८०४-०५ चा हिवाळा त्यांच्याच शेजारी काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारने गॅरिसन धरण बांधले. या तीन जमातींच्या राखीव क्षेत्रातली दीड लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली, त्यात नदीकाठची सुपीक शेती होती आणि एल्बोवूड्स हे त्यांचे मुख्य गावही होते. १९४८ मध्ये करारावर सह्या होत असताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहरा झाकून रडत होते. ते छायाचित्र आजही पाहणाऱ्याला गप्प करते. भरपाई तोकडी होती, हे मान्य करून अमेरिकी संसदेने १९९२ मध्ये १४ कोटी ९२ लाख डॉलरचा निधी दिला, तोवर चार दशके उलटली होती. मिनियापोलिसच्या दलालांनी गहू उत्पादकांशी केले होते तेच इथे घडले, आणि याहून कितीतरी क्रूरपणे. माल एकाचा, मोल दुसऱ्याने ठरवलेले.

तेलाने हा प्रश्न पुन्हा उभा केला. टायोगाजवळ १९५१ मध्ये पहिली विहीर लागली. २००८ च्या सुमारास बाकन खडकात आडवे छिद्रण आणि खडक फोडण्याचे तंत्र जमले आणि २०१४ मध्ये रोजचे उत्पादन दहा लाख पिंपांच्या पुढे गेले. विलिस्टनला घरभाडी भडकली, कामगारांच्या तात्पुरत्या वसाहती उभ्या राहिल्या, जादा वायू रात्रंदिवस जाळला गेला. तरीही जुना शहाणपणा जागा होता. तेल-वायूवरील कराचा ३० टक्के वाटा लेगसी फंड या राज्याच्या राखीव निधीत टाकायचा आणि २०१७ पर्यंत मुद्दलाला हात लावायचा नाही, हे २०१० मध्ये मतदारांनीच ठरवले. पण तेल वाहून नेणाऱ्या डकोटा ॲक्सेस वाहिनीचा बिस्मार्कच्या वरच्या अंगाचा एक पर्यायी मार्ग शहराच्या पिण्याच्या पाण्याचाही विचार करून सोडून देण्यात आला आणि ती स्टँडिंग रॉक या मूळनिवासींच्या राखीव क्षेत्राजवळून मिसूरी नदीखालून गेली. २०१६ मध्ये तिथे विरोधासाठी हजारो लोक जमले, तेव्हा ते नवे काही मागत नव्हते. बिस्मार्कच्या पाण्याची जेवढी काळजी वाहिली गेली, तेवढीच त्यांना आपल्या पाण्याची हवी होती.

नॉर्थ डकोटाने जगाला मोलाचा धडा दिला आहे. बाजाराच्या नाड्या सामान्य माणसाला आपल्या हाती घेता येतात, आणि त्यासाठी घोषणांपेक्षा बँक, गिरणी, विमा अशा चालत्या संस्था लागतात. नेते येतात-जातात, अशी संस्था पिढ्यांना बळ देते. मात्र स्वतःच्या गव्हाचे मोल स्वतः ठरवण्याचा हक्क ज्याने झगडून मिळवला, त्याच्यावर शेजाऱ्याच्या जमिनीचा आणि पाण्याचा तोच हक्क मानण्याची जबाबदारी इतरांहून अधिक आहे. १९१९ मध्ये त्या राज्याने सुरू केलेले काम ही जबाबदारी पुरती निभावल्याशिवाय पूर्ण होणार नाही.