जीर्णोद्धाराची मर्यादा

पुण्यास कर्वेनगरांत २०१७ सालीं उघडलेलें विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय पाहतांना एक प्रश्न मनांत येतो. आमच्या नागपुरांत एखाद्या माळ्यावर नॉटिंगहॅमची जुनी रॅले सांपडली आणि तिचीं चाकें, साखळी, सीट सारें बदललें, तर ती तीच राहते काय? चाकें म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, असें नागसेनानें मिलिंद राजास विचारलें. रथ हें केवळ नांव, हा त्याचा निष्कर्ष. परंतु नांवाशींहि इमान राखावें लागतें. निकामी ब्रेक बदलणें हा धर्मच, कारण तेथें जिवाचा प्रश्न आहे. मात्र सांगाड्यावरचा मूळ रंग खरवडणें म्हणजे वापरणाऱ्यांची साक्ष पुसणें होय. सायकल चालती करावी. तरुण करूं नये.