कंप आणि आपली दृष्टी

माणसाचा स्वर कापला, निश्चय क्षणभर डळमळला, की त्यास दुबळा ठरवून आपण मोकळे होतो. अचलता हा सद्गुण आणि कंप हा दोष, ही समजूत आपल्या अंगी इतकी मुरली आहे की तिची परीक्षा करावी असे सुचतही नाही. ती परीक्षा आकाशातील एका वृद्ध ज्योतीच्या साक्षीने करावी, असे आम्हांस वाटते.

श्वेत बटू म्हणजे इंधन सरलेला तारा. सूर्याच्या निम्म्याहून अधिक वस्तुमान पृथ्वीएवढ्या आकारात दाटलेले. साठलेली ऊब अवकाशास देत निवत जाणे, एवढेच त्याचे उरलेले आयुष्य. परंतु एचएल टॉरी ७६ या श्वेत बटूचे तेज सुमारे साडेबारा मिनिटांच्या आवर्तनाने कमीअधिक होते, असे आर्लो लँडॉल्ट यांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. हायड्रोजनचे आवरण असलेला असा तारा निवत निवत सुमारे १२,००० अंशांवर आला की त्यात लाटा उठतात, पृष्ठभागाचे तापमान चढउतार करते आणि तेज हेलकावते. भूकंपलहरींवरून पृथ्वीचे अंतरंग कळावे, तसे या कंपांवरून ताऱ्याचे वस्तुमान व आवरणाची जाडी कळते. जो कापतच नाही, त्याच्या अंतरंगाची ही वाट आपणांस बंदच राहते.

मग प्रत्येक चंचलता पूज्य मानावी काय? तसे नव्हे. जी ११७-बी१५ए या ताऱ्याचे मुख्य आवर्तन २१५ सेकंदांचे आहे. त्यात एका सेकंदाचा फरक पडण्यास लक्षावधी वर्षे लागतील. येथे कंप आहे, पण लहरीपणा नाही. कंप आणि निष्ठा एकत्र नांदू शकतात.

याहून मोठा धडा पाहणाऱ्यासाठी आहे. एकाच स्थळावरून वेध घेतला तर दिवस उजाडताच तो तुटतो, आणि त्या खंडांमुळे ताऱ्यात नसलेली आवर्तने गणितात उमटतात. म्हणून १९८९ साली, श्वेत बटू होऊ घातलेल्या पीजी ११५९-०३५ या ताऱ्याकडे भारतासह अनेक देशांतील वेधशाळांनी आळीपाळीने पाहिले. एकीकडे सूर्य उगवला की दुसरीकडे रात्र जागी होई. तेव्हा कोठे शंभराहून अधिक खरे कंप निराळे करता आले.

शेजाऱ्यास, आप्तास, कधी स्वतःसही आपण तुटक तुटक पाहतो आणि निकाल मात्र अखंड देतो. त्याच्या माथी मारलेल्या दोषांपैकी किती त्याचे, आणि किती आपल्या न पाहिलेल्या प्रहरांचे, हे प्रथम तपासणे आम्ही न्यायाची पहिली पायरी मानतो.