न्यायासनाची चूक

आमच्या तीर्थरूपांनी एकदा एका यजमानास श्राद्धाची तिथी चुकीची सांगितली. रात्री पंचांग पुन्हा उघडले तेव्हा चूक ध्यानी आली, आणि पहाटे स्नानसंध्या बाजूस ठेवून ते त्या गृहस्थांच्या दारी गेले. आळीत कुजबुज झाली की, भटजीच शब्द फिरवू लागले तर भरवसा ठेवावा कोणावर? हा आक्षेप आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाही.

हाच प्रश्न मोठ्या रूपाने न्यायासनापुढे उभा राहतो. राज्यघटनेच्या १४१व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील इतर न्यायालयांस बंधनकारक आहे. परंतु त्या न्यायालयाने स्वतःच्या चुकलेल्या निर्णयास बांधून राहावे काय? 'बंगाल इम्युनिटी' खटल्यात १९५५ साली त्याने नकारार्थी उत्तर दिले आणि विक्रीकराविषयीचा आपलाच १९५३ चा निर्णय फिरविला. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने १८९८ साली स्वतःभोवती बांधून घेतलेली गाठ सुटण्यास मात्र १९६६ साल उजाडावे लागले.

बंधनाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कायद्याच्या भरवशावर मनुष्य व्यापार करतो, मृत्युपत्र लिहितो. न्यायाधीश बदलताच कायदा बदलू लागला, तर ते राज्य कायद्याचे न राहता व्यक्तींचे होईल. म्हणूनच लहान पीठास मोठ्या पीठाचा निर्णय डावलता येत नाही. शंका आली तर प्रकरण वर पाठवावे, एवढाच त्यास अधिकार.

परंतु आमच्याच मध्यप्रदेशातील जबलपूरच्या नावाने ओळखला जाणारा खटला आठवावा. आणीबाणीत 'मिसा'खाली डांबलेल्यांनी उच्च न्यायालयांत दाद मागितली, व अनेक उच्च न्यायालयांनी ती ऐकून घेण्याचे मान्य केले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी ठरविले की, राष्ट्रपतींचा आदेश जारी असेतोवर, अटक बेकायदा असली तरीही बंदिवानास न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध गेले. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातील न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ साली आपली चूक उघडपणे कबूल केली. चौघांत पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडही होते. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय रद्द ठरविला, तेव्हा तसे लिहिणारी लेखणी त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांची होती.

पुत्राने पित्याचा उणेपणा चव्हाट्यावर मांडला, असे कोणी म्हणेल. आम्हीही एका भटजींचेच पुत्र असल्यामुळे यावर बराच विचार केला. जुना निर्णय मुकाट्याने टाळून पुढे जाणे सोपे असते. तसे न करता त्याचे नाव घेऊन, तो कोठे चुकला हे लिहून तो मोडला, यात आम्हांस अवमान दिसत नाही. खरा धोका आहे तो न बोलता विसरण्यात, कारण तसा निर्णय पुस्तकात पडून राहतो आणि पुढील एखाद्या राज्यकर्त्यास उपयोगी पडतो.

प्रश्न उरतो तो ज्यांनी भोगले त्यांचा. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपविला होता. १९८८ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आपलाच आदेश चुकीचा ठरवून मागे घेतला, कारण न्यायालयाच्या चुकीपायी कोणाचेही नुकसान होता कामा नये. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांनी त्यास विरोध केला. निर्णयाला कोठेतरी शेवट हवा, ही त्यांची चिंताही खोटी नव्हती. पण तेथे खटला अद्याप चालू होता, आणि दुरुस्तीचा लाभ ज्याचा त्यास मिळाला.

आमच्या यजमानांची तिथीही दोन दिवस पुढेच होती, म्हणून तीर्थरूपांची पायपीट कामी आली. १९७६ च्या बंदिवानांसाठी दुरुस्ती आली ती एक्केचाळीस वर्षांनी. तोवर त्यांच्यापैकी कित्येकजण ती वाचण्यास उरलेही नव्हते.